चार भाकरींएवढा वेळ

गजरामावशी,

काल तुमचा लॉकर उघडला. किल्ली तुमच्या सुनेलाही सापडली नाही, म्हणून कुलूप तोडावं लागलं. घाई माझी नव्हती. तुमच्या जागी ठेकेदारानं सुरेखा नावाची बाई पाठवली आहे, तिला डबा आणि चपला ठेवायला जागा हवी होती. सरकारी दवाखान्यात माणूस जातं, लॉकर रिकामा होतो, नंबर तोच राहतो. तुम्हालाही तो असाच मिळाला होता.

आत एक कंगवा, मिश्रीची डबी, आणि बारामतीच्या प्रशिक्षणात मिळालेली प्लॅस्टिकची फाईल. त्याखाली हातमोज्यांची सहा पाकिटं. मीच दिलेली, रजिस्टरवर तुमचा अंगठा घेऊन. एकही फोडलेलं नाही. डोळे सांभाळायचा कामाचा चष्मा, त्याच्या काचेवरचा पातळ कागदसुद्धा काढलेला नाही. चांगली वस्तू म्हणून जपून ठेवलीत. नातीच्या लग्नात घालणार होतात की काय?

आणि मागं, जुन्या चादरीत गुंडाळलेला गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन. झाकण उघडायची गरज नव्हती. तो वास मला चौदा वर्षं माहीत आहे.

सुरेखा म्हणाली, “तेल हाय का हो ह्यात?”

मी म्हणाले, “हात लावू नकोस.”

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. मला रडायला वेळ मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी जमलं असतं असं नाही. पण कॅन बघून मी तिथंच बाकावर बसले. ॲसिड बंद होऊन दोन वर्षं झाली, माझ्या रजिस्टरला त्याच्यापुढं तांबड्या शाईनं ‘निरंक’ लिहिलं आहे. तो कॅन तुमच्याकडं आहे हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. आता मी एकटीच बोलते.

बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा आपला हा तीस खाटांचा दवाखाना. माझ्याकडं त्याचं भांडार, म्हणजे औषधं सोडून बाकी सगळं: चादरी, बादल्या, झाडू, फिनाईल, कोरे फॉर्म. मी बदली होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही दारात उभ्या राहिलात. पदर खोचलेला, एका हातात खराटा.

“स्टोरबाई, ॲसिड द्या दोन बाटल्या.”

“परवाच नेल्यात ना?”

“परवा नेल्या त्या परवा संपल्या. हितल्या पाण्याला काय माज हाय ते बघा येकदा येऊन. तुमच्या बारामतीचं न्हाय हे पाणी.”

मी आले. बाटल्या कुठं जातात हे बघायलाच आले होते, खरं सांगायचं तर. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका, की नवी बादली महिन्यात आतून खडबडीत होते आणि पांढरी फरशी पिवळी पडते. तुम्ही पदराचं टोक नाकावर घेऊन दातांत धरलंत आणि बाटली ओतलीत. फरशीवरून फेस उठला, धूर निघाला. मी दोन पावलं मागं सरले. तुम्ही मागं सरला नाहीत. खराट्याचे दोन हात, वरून तांब्याभर पाणी, आणि फरशी अशी पांढरी की नवी बसवल्यासारखी.

“फसफसलं की समजायचं, क्षार मेला,” तुम्ही म्हणालात. “तोंड दिसतंय का बघा.”

संडासाच्या फरशीत तोंड बघायला सांगणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते. मी दोन बाटल्या दिल्या.

सकाळी सहाच्या एसटीनं मी निघते हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही विचारलंत, “खाऊन निगता का?” मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेली एक भाकरी यायला लागली. रोज सकाळी तुम्ही चार भाकरी थापायचात. दोन तुमच्या मुलाच्या, दत्ताच्या डब्यात, एक तुमची, एक माझी. मी कधी आभार मानले नाहीत. तुम्हीही कधी विचारलं नाहीत भाकरी कशी झाली ते. एकदा जळकी होती, ते मी सांगितलं, तर म्हणालात, “जळकी दत्तालाबी दिली हाय. तो एमआयडीसीत न्हेऊन खातोय, तुमाला टेबलावर खायला काय झालं?”

मग मुंबईहून कागद आला.

सरकारी कागद मी बरेच वाचले आहेत. त्यातला हा बरा होता. सरकारी इमारतींमधून घातक रसायनं टप्प्याटप्प्यानं कमी करायची, आणि त्यांच्या जागी माणसाला, पाण्याला, जमिनीला कमी त्रास देणारी आणायची, असं त्यात होतं. हरित रसायनशास्त्र हा शब्दही होता. मी तो तुम्हाला वाचून दाखवला नाही, पण मुद्दा मला पटला होता. विष आणायचं आणि मग मोजे, मास्क, चष्मा लावून त्याच्यापासून वाचायचं, यापेक्षा विषच आणू नये. घरात विंचू पाळून पायात बूट घालण्यात काय शहाणपणा? सोबत यादी होती. ॲसिडपुढं फुली होती.

बारामतीला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. दोन्ही तालुक्यांच्या दवाखान्यांतून आणि शाळांतून माणसं आली होती. बहुतेक ठिकाणांहून एकटे भांडारवालेच आले. मी तुम्हाला घेऊन गेले, कारण फरशी मी धूत नाही. तुम्ही ठेवणीतली हिरवी साडी नेसला होतात. तिच्याही काठाला खाली बारीक बारीक भोकं होती.

शिकवायला आलेले सर तरुण होते, पण शहाणे होते. कुठल्यातरी संडासातून उखडलेली, क्षार चढलेली खरी फरशी त्यांनी पिशवीतून आणली होती. लिंबूसत्वाची पांढरी पूड पाण्यात विरघळवली, फडकं त्यात बुडवून फरशीवर पसरलं आणि म्हणाले, “आता दहा मिनिटं थांबायचं.” थांबताना ते बोलत राहिले. ॲसिड क्षाराला खातं तसं सिमेंटला, लोखंडाला आणि छातीलाही खातं. ब्लीचिंग पावडरमध्ये तर कधीच काही मिसळायचं नाही. तोवर तुम्ही उठून टेबलाजवळ गेलात, पाकिटातली पूड बोटावर घेतलीत आणि जिभेला लावलीत.

सर दचकले. “अहो मावशी!”

“आंबट हाय,” तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. “चिच्चंवानी. हे पोटात गेलं तरी मानूस मरत न्हाय.”

सगळे हसले. सरही हसले, म्हणाले, “माझं अर्धं भाषण तुम्हीच केलंत.” दहा मिनिटांनी फडकं उचललं, एकदा घासलं, फरशी पांढरी झाली. तुम्ही ती हातात घेऊन उलटसुलट पाहिलीत. तुमचं तोंड मला आठवतं. तीस वर्षं ज्यासाठी पदर दातांत धरला, ते असं फडकं पसरूनही होतं, हे बघताना तुम्हाला आनंद झाला होता की राग आला होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग तुम्ही विचारलंत, “साहेब, ह्या धा मिंटात म्या काय करायचं?”

“दुसरं काम करा की.”

“दुसऱ्या कामाला गेले की मानसं आत जात्यात, पाणी वतत्यात. तुमचं औषध गेलं वाहून.”

“मग एकदम सगळ्या संडासांत टाका आणि दारं बंद करा.”

“अकरा संडास हायती. सगळी बंद केली तर पेशंटनं कुठं जायचं? तुमच्याकडं?”

पुन्हा हशा. पण सर या वेळी हसले नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. तुम्ही पदराला एक गाठ मारलीत. महत्त्वाचं काही लक्षात ठेवायचं असलं की तुम्ही गाठ मारायचात. तुम्हाला सोडायला मी परतीच्या एसटीत बसले, तेव्हा विचारलं, “ही गाठ कसली?”

“धा मिंटांची.”

“घड्याळ कुठाय तुमच्याकडं?”

“घड्याळ कशाला? चार भाकरी थापून भाजून हुत्यात तेवढ्यात. रोज करते, मला काय म्हाईत न्हाय?” मग तुम्ही झोपलात, आणि लासुर्ण्यापर्यंत तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत राहिलं.

तुम्ही नवी पद्धत मनापासून करून बघितलीत. हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर सगळे म्हणायचे की म्हातारी हट्टी, तिला ॲसिडची सवय. सवय होती. पण तुम्ही चार महिने लिंबूसत्व वापरलंत. दाराला सुतळी बांधलीत, लोकांनी सोडली. दारात खराटा आडवा ठेवलात, लोक ओलांडून गेले. पेशंटबरोबर आलेली माणसं, त्यांना तरी कशी थांबवणार? तुम्ही दारात उभ्या राहिलात तर बाळंतिणीच्या वॉर्डातून हाक यायची, तिकडं कुणीतरी ओकलेलं असायचं. आणि तुमचा कामाचा तक्ता ॲसिडच्या दिवसांतला होता. अकरा संडास, सहा मोऱ्या, दोन वॉर्ड, सकाळचे दोन तास. ॲसिडला दोन मिनिटं लागायची. औषध बदललं, तक्ता तोच राहिला.

फरशी पिवळी पडत गेली. त्यात फिनाईलही बदललं होतं, नव्याला वास जवळजवळ नव्हता, त्यामुळं लोक नाक वर करून विचारायचे, “धुतलं न्हाय काय आज?” तुमच्या तोंडावर. तालुक्यातले सगळ्यात पांढरे संडास ज्यांचे, त्या तुम्हाला. अधीक्षक मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “गजराबाई, वय झालं का? होत नाही का आता?” तुम्ही बादली उचलून मोरीकडं गेलात. दुपारी स्टोअरमध्ये आलात.

“स्टोरबाई, वर कळवा. धा मिंटं पायजेत म्हनून लिव्हा.”

“कुणाला लिहू?”

“ज्यानं कागद धाडला त्याला. दत्ताच्या एमआयडीसीतल्या डेरीत पाईप धुत्यात, तितं मशीनला येळ लावून दिल्याली आसती. तेवढा येळ कुणी नळ सोडत न्हाय. मशीनला येळ हाय. मला न्हाय.”

मी म्हणाले, “बघू.”

मी टाळलं असं नाही. मला खरंच वाटलं होतं बघू. पण तक्ता बदलायचा म्हणजे आणखी एक माणूस मागायचं, माणूस मागायचं म्हणजे प्रस्ताव, प्रस्ताव म्हणजे मॅडमची सही, आणि मॅडमना तोंड उघडून सांगायचं की नवं औषध चांगलं आहे पण आपल्याकडं चालत नाही. ते मी आज उद्या करत राहिले. तुम्ही दोनदा आठवण केलीत. तिसऱ्यांदा केली नाहीत. त्याच सुमारास लुनावरून ॲसिड विकणारा आपल्या मागच्या फाटकाशी थांबायला लागला, आणि फरशी पुन्हा थोडी थोडी उजळली. मी खिडकीतून पाहिलं होतं, मावशी. मी पडदा ओढला.

मग तपासणीचा दिवस.

पुण्याहून साहेब येणार होते, घातक रसायनं कमी करण्याचं काम कुठं कसं चाललंय ते बघायला. सकाळी नऊला मी स्टोअरमध्ये असताना आधी खोकल्याचे आवाज आले. बायकांच्या वॉर्डातल्या नातेवाईक तोंडाला पदर लावून बाहेर पळत होत्या. मग वास आला. ब्लीचिंगचा, पण नेहमीचा नाही; घशात काटा रुतावा तसा. तुम्ही सगळ्यांत शेवटी बाहेर आलात, भिंत धरून, डोळे लाल.

“काय केलंत?”

“काय न्हाय. ब्लीचिंग टाकलं हुतं. वरनं जरा…”

“जरा काय?”

“पाणी द्या, स्टोरबाई.”

दोन्ही वस्तू चांगल्या, मग एकत्र केल्या तर जास्त चांगलं होईल, असं तुम्हाला वाटलं. सरांनी सांगितलेलं तुम्ही विसरला नव्हतात. पण साहेब यायचे होते आणि फरशी तुमची होती. ही चूक आळशी माणूस करत नाही. मनापासून काम करणारंच करतं.

डॉक्टरांनी तुम्हाला वाफ दिली, पडून राहा म्हणाले. अर्ध्या तासात तुम्ही उठलात. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले, तुम्ही खोकत खोकत बादलीवर बादली पाणी ओतलंत. मी तुम्हाला घरी पाठवायला हवं होतं. मी म्हणाले, “जमेल ना?” आणि तुम्ही म्हणालात, “साहेब आल्यावर बघू दे त्याला.” अकराला ते आले तेव्हा वास गेला होता आणि अकराच्या अकरा संडासांत तोंड दिसत होतं.

साहेब वाकले, रुमालानं फरशी पुसून पाहिली.

“वा. काय वापरता?”

“लिंबूसत्व, सर,” मी म्हणाले.

“इतर ठिकाणी एवढा परिणाम दिसत नाही. किती वेळ ठेवता?”

“ठेवतो थोडा वेळ.”

“कामाच्या तक्त्यात काही बदल करावा लागला? जास्त माणसं, जास्त वेळ?”

हा तो प्रश्न होता. एवढ्या काळात तो विचारणारं ते पहिलं माणूस. तुम्ही माझ्या मागं बादली घेऊन उभ्या होतात. तुम्ही घसा खाकरलात, तो मला ऐकू आला.

मी म्हणाले, “नाही, सर. आहे त्यातच होतं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. ते सरळ होते, जे सांगितलं ते लिहिलं. महिन्याभरानं चौकटीतलं प्रमाणपत्र आलं, आणि त्यांचा अहवालही, की या दवाखान्यात उपलब्ध मनुष्यबळात, वेळेत कोणताही बदल न करता, उत्तम परिणाम मिळाले आहेत. तो अहवाल इतर दवाखान्यांनाही गेला, उदाहरण म्हणून. तिथल्या कुणी दहा मिनिटं मागितली असतील तर त्यांना आपलं नाव दाखवलं गेलं असेल. किती ठिकाणी, मला माहीत नाही. मोजायची इच्छाही नाही.

त्या दिवशी साहेब गेल्यावर तुम्ही स्टोअरच्या दारात आलात. आवाज बसलेला.

“खोटं बोललात.”

मी चिडले. मला लाज वाटली होती, म्हणून चिडले. “तुम्ही ॲसिड ओतलंत ते?”

“म्या वतलं ते फरशीवर वतलं. तुमी कुठं वतलं?”

तुम्ही थांबला नाहीत. ते भांडण तिथंच राहिलं. पुढं कितीदा माझ्या मनात आलं की हे पुरं करावं, तुम्ही आणखी दोन शिव्या द्याव्यात, मी चूक झाली म्हणावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर फडक्यात भाकरी होती, रोजच्यासारखी. आणि भाकरी आली म्हणजे मिटलं, असा सोयीचा अर्थ मी लावला. भाकरीचा तसा काही अर्थ नव्हता. तुम्ही चार थापायचात, एवढंच.

नंतर तुमचा खोकला राहिलाच. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला वॉर्डाच्या पायऱ्या एका दमात चढवेनात. कागदावर जुना दमा लिहिला आहे. चुलीचा धूर, मिश्री, वय, सगळं त्यात आहे. ॲसिडनंच झालं असं मी लिहिणार नाही, मी डॉक्टर नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिते.

शेवटची भेटले ती तुमच्या अंगणात. बाजेवर बसला होतात, तीन उशा पाठीला, पुढं झुकून श्वास घेत. सून चुलीपुढं होती. तुम्ही तिला म्हणालात, “मंगल, स्टोरबाईला येक दे.” मग माझ्याकडं वळलात.

“चालू हाय का लिंबूसत्व?”

“चालू आहे.”

“धा मिंटं दिली का?”

मी म्हणाले, “बघू.”

तुम्ही हसलात. एवढ्या श्वासातून हसलात. “बघा, बघा,” म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं ते. मी काहीतरी बरं बोलू शकले असते. चौदा वर्षं मी तुमच्या हातची भाकरी खाल्ली, एवढं तरी.

दहाव्याला मंगलनं तुमच्या साड्या दाखवल्या. कुणाला द्याव्यात म्हणून घड्या मोडून बसली होती, आणि एकही देता येईना. प्रत्येकीच्या खालच्या काठाला जाळी. प्रशिक्षणाची हिरवी पण त्यात. ती म्हणाली, “बाई, आमाला वाटायचं आत्याबाई बघून घेत न्हाईत, जुनी साडी आनत्यात.” मी तिला खरं सांगितलं, ही भोकं ॲसिडच्या थेंबांची. मग ती बराच वेळ भोकांतून बोटं घालत बसली.

तर काल कॅन सापडला. सरांनी शिकवलं होतं तसंच केलं. मागच्या अंगणात मोठ्या टबात भरपूर पाणी, त्यात थोडं थोडं ॲसिड, आणि मग धुण्याचा सोडा, फेस थांबेपर्यंत. तुमचा चष्मा मी लावला. काचेवरचा कागद सोलताना तुम्ही ओरडाल असं वाटलं. मोजे पुरुषी मापाचे निघाले, माझ्या हातातसुद्धा गळत होते. सहा पाकिटं मी तुम्हाला दिली, आणि एकदाही उघडून माप पाहिलं नव्हतं. सुरेखा लांब उभी राहून विचारत होती, “फसफसतंय ते चांगलं का वाईट?” मी म्हणाले, “फसफसायचं थांबलं की चांगलं.”

मग वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. एका पानाचं. तपासणीच्या दिवशी फरशी ॲसिडनं साफ केली होती. लिंबूसत्व काम करतं, पण त्याला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं कुणाच्याही तक्त्यात नाहीत. ती आमच्या सफाई कामगार गजराबाईंनी मागितली होती आणि मी कळवली नाहीत. साहेबांना दिलेलं उत्तर माझं होतं आणि ते खोटं होतं. खाली माझी सही.

अधीक्षक मॅडमनी दोनदा वाचलं.

“अहो, त्या गेल्या. आता कशाला उकरून काढता?”

“त्या होत्या तेव्हा लिहायला हवं होतं, मॅडम. तेव्हा लिहिलं नाही, म्हणून आता.”

“तुमची चौकशी लागेल. प्रमाणपत्र जाईल ते वेगळंच.”

“भिंतीला खिळा राहील. कॅलेंडर लावू.”

त्या हसल्या नाहीत. पत्र पेपरवेटखाली सरकवून म्हणाल्या, “बघू.”

तो शब्द मला बरोबर ओळखता येतो आता. मी खाली आले, तेच पत्र पुन्हा लिहिलं आणि माझ्या नावानं टपालानं धाडलं. तुमच्या लॉकरमधल्या फाईलीवर सरांच्या कार्यालयाचा पत्ता छापलेला होता, तिथंच. ती फाईल तुम्ही जपून ठेवलीत त्याचा असा उपयोग झाला. काय होईल ते होईल. मला निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत, आणि आता झोपही तशी लागत नाही.

आज सकाळी मी स्टोअरमधलं लोखंडी स्टूल उचललं आणि बायकांच्या वॉर्डाच्या संडासापाशी नेऊन ठेवलं. सुरेखानं पहिल्या तीन संडासांत लिंबूसत्वाची फडकी पसरली आणि ती मोरीकडं गेली. मी दारांपुढं बसले. पहिली बाई आली ती लोणी भापकरची, लेकीच्या बाळंतपणाला आलेली.

“उघडा की, बाई.”

“दहा मिनिटं. पलीकडचा वापरा.”

“का? काय बिघडलंय?”

“काही नाही. औषध मुरतंय.”

“तुमी हितल्या कोन?”

“स्टोरबाई.”

“मग स्टोर सोडून हितं का बसलाय?”

मी पलीकडचं दार दाखवलं. ती पलीकडं गेली. आणखी दोघी आल्या, एक भांडली, एक नाही. मी घड्याळ लावलं नव्हतं. मनातल्या मनात तुमच्या भाकरी मोजल्या: पिठाचा गोळा, थापणं, तव्यावर टाकणं, पाणी फिरवणं, उलटणं, फुगणं. दत्ताची एक, दत्ताची दुसरी, तुमची. चौथी झाली तेव्हा सुरेखाला हाक मारली.

तिनं फडकी उचलून घासलं. उजळली, पण तुमच्यासारखी नाही झाली. कडेला पिवळं राहिलं. “उद्या परत टाकलं की जाईल,” ती म्हणाली. मग बादली उचलताना विचारलं, “बाई, तुमी काय रोज बसनार हाय हितं?”

स्टोअरमध्ये जायचं होतं, रजिस्टर उघडायचं होतं, चादरींचा हिशेब राहिला होता. मी उठले, गेले. स्टूल मात्र तिथंच ठेवलं.